अकराच्या आतले फोन

तिसऱ्यांदा लाइन तुटली तेव्हा अंकितानं फोनची तार उपसली नाही की मोडेम बंद केला नाही. तिनं पडद्यावर एक छोटी आज्ञा टाइप केली. नुकत्याच मेलेल्या जोडणीची सगळी माहिती मोडेमनं ओळीखाली ओळ अशी मांडली, आणि ती रजिस्टर पुढ्यात ओढून लिहू लागली. तेरा फेब्रुवारी. दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. जोडताना वेग एकवीस हजार सहाशे. तुटताना चार हजार आठशे. सिग्नल उणे चोवीस. गोंगाट फार. मोडेमनं पुन्हा जुळवून बघितलं ते नऊ वेळा.

तिचा नवरा राजवर्धन दारात उभा होता. हातात ट्रॅक्टरचा पाना, पायाला चिखल.

"गेलं का न्हाई?"

"नाही गेलं."

"मग लिवतीस काय? जे गेलंच न्हाई त्याचं काय लिवायचं?"

अंकितानं रकाना पुरा केला आणि पेनला टोपण लावलं. तेवढ्यात फोन वाजला. कुपवाडच्या वर्कशॉपच्या विजयमालाबाई. लग्नाआधी अंकिता त्यांच्याकडेच ड्रॉइंगच्या टेबलावर बसायची. लग्न होऊन कुंडलला आली तेव्हा साठवलेल्या पगारातून तिनं कॉम्प्युटर घेतला आणि बाईंशी ठरवलं, की मी मळ्यात बसून नकाशे काढीन आणि फोनवरून पाठवीन. वर्ष होत आलं होतं त्याला.

"अंकिता, पोरं मशीनला टेकून उभी आहेत. निम्मं ड्रॉइंग आलं. निम्म्या ड्रॉइंगची काय मी चटणी करू?"

"पाठवते बाई. लाइन खराब आहे."

"तुझी लाइन आठवड्यातनं चार दिवस खराब असते. खोक्यावर तर छप्पन्न हजार लिहिलंय म्हणालीस."

खोक्यावरचा आकडा मोडेमचा असतो, तारेचा नसतो, हे तिनं बाईंना दोनदा समजावून सांगितलं होतं. घरच्या साध्या लाइनवरून दुसऱ्या साध्या लाइनवर छप्पन्न हजार कधीच मिळत नाही. तेहतीस हजार सहाशे ही शेवटची पायरी, आणि कुंडलच्या तारेनं चांगल्या दिवशी एकतीस हजार दोनशे दिले तरी खूप झालं. एकतीस हजारांवर मोठ्यात मोठा नकाशा बारा मिनिटांत जाई. पण आज चांगला दिवस नव्हता. बाईंनी उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

दोन महिन्यांपासून ती हे रजिस्टर लिहीत होती. टेलिफोनवाल्यांना पुरावा लागतो, नुसत्या तक्रारीला ते भीक घालत नाहीत, एवढ्याचसाठी. लिहिता लिहिता तिला आकड्यांची भाषा कळत गेली. सिग्नल म्हणजे पलीकडचा माणूस किती मोठ्यानं बोलतोय ते. गोंगाट म्हणजे मधे किती कालवा चाललाय ते. तिच्या रजिस्टरात पलीकडचा माणूस रोज तेवढ्याच आवाजात बोलत होता. कालवा तेवढा काही दिवस असे आणि काही दिवस नसे.

हे दिवस कोणते, ते आधी तिच्या नाही, सासऱ्यांच्या ध्यानात आलं.

ज्ञानू आबा संध्याकाळी सोप्यात बसून कारखान्याचा निरोप यायची वाट बघत होते. ऊसतोडीच्या दिवसांत ते फोनपासून हलत नसत. चाळा म्हणून त्यांनी रजिस्टर हातात घेतलं. इंग्रजी आकडे त्यांना येत नव्हते, पण मराठीत लिहिलेल्या तारखा आणि तुटलेल्या जोडणीपुढच्या लाल शाईच्या फुल्या कळत होत्या. बोट फिरवत फिरवत ते थांबले.

"राजा, हिकडं ये. पाच ते आठ फुल्या. नऊ ते बारा साफ. आन आज तेरा, पुन्हा फुली."

राजवर्धन वाकून बघू लागला.

"कुणाची पाळी हाय आज?" आबांनी विचारलं.

"काकीची."

विहीर सामाईक होती. आबांचा धाकटा भाऊ वारल्यावर त्याची अर्धी मालकी त्याच्या बायकोकडे, शालूबाईकडे आली होती. चार दिवस पाणी आबांचं, चार दिवस शालूबाईचं. बांधाला बांध, आणि बोलणं बंद. फोनचा शेवटचा खांब शालूबाईच्या बांधावर होता आणि आबांना तो पहिल्या दिवसापासून खुपत होता.

"तिची पाळी आसली की तिचं पोरगं दिसभर विहिरीवर आसतं," आबा म्हणाले. "खांबाखाली. आन त्याच दिवशी आपला फोन बिघडतो. आता कुणी सांगाय पायजे का?"

"भाऊसोच," राजवर्धन म्हणाला. "त्येला लय माज आलाय."

अंकिता चुलीपाशी होती. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "आबा, तार कुणी ओढली किंवा तोडली तर सिग्नल कमी होतो. इथं सिग्नल आहे तेवढाच आहे."

"तुला इचारलं का कुणी?" आबा शांतपणे म्हणाले. "तू लिवत जा. नीट लिव. उपेगाला येणार हाय."

चौदा तारखेलाही फुली पडली. पंधराला मात्र डीपीवरचा, म्हणजे मळ्याकडच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फेज उडाला. घरात दिवे होते, पण तिन्ही फेज लागणाऱ्या आसपासच्या मोटारी बंद. शालूबाई आणि भाऊसो विहिरीच्या काठावर वीज यायची वाट बघत दिवसभर बसून राहिले, अगदी खांबाखाली. अंकितानं बारा वाजता नंबर फिरवला आणि पडद्याकडे बघत राहिली. एकतीस हजार दोनशे. बारा मिनिटं जोडणी हलली नाही. दुपारी दोनला पुन्हा तेच. सोळाला बारा वाजता पुन्हा तेच.

तिनं रजिस्टरात आकडे लिहिले. फुली मारायला घेतलेली लाल शाई तशीच राहिली.

सोळाला दुपारी आबांच्या तक्रारीवरून लाइनमन आला. धोंडीबा त्याचं नाव. नोकरीची दोन वर्षं उरलेला, चालताना एका अंगाला झुकणारा माणूस. आबांनी त्याला पायरीखालीच उभं केलं.

"तार कापत्यात. बघ आन तसं लिवून दे."

"बघतो आन काय दिसंल ते लिवतो," धोंडीबा म्हणाला.

तो बांधावरच्या खांबावर चढला, जोड सोडून पाहिला, कानाला यंत्र लावून बराच वेळ ऐकत राहिला. खाली उतरून तो घराच्या मागल्या बाजूला आला. तिथं तार खांबावरून उतरून जमिनीत शिरत होती. गेल्या दिवाळीत अंकिता माहेरी सांगलीला गेली असताना बापलेकांनी ही चारी खणून घेतली होती. उसाच्या गाड्यांत तार अडकते, म्हणून जमिनीखालून घेतली, असं तिला सांगण्यात आलं होतं.

आबा निरोपाचा फोन घ्यायला आत गेले. अंकिता पाण्याचा तांब्या घेऊन मागे आली. धोंडीबानं पाणी घेतलं आणि बुटाच्या टोकानं माती जरा उकरली.

"खांबापातुर तार निर्मळ हाय, वैनी. जोडाला कुणी हात लावलेला न्हाई. तार तोडली की आवाज बारीक हुतो. तुमच्या लाइनवर आवाज हाय तेवढा हाय, शेजारी कायतरी गुणगुणत आसणार. आज मोटारींची वीज न्हाई म्हणून गप हाय."

"शेजारी काय आहे?"

त्यानं पायानं उकरलेल्या जागेकडे बोट केलं. फोनच्या करड्या तारेला चिकटून एक जाड काळी केबल गेली होती.

"ही कुठं जाती ते मला इचारू नका. मला खांब बघायला लावलाय." त्यानं तांब्या परत दिला. "केबल कुठंतरी सोललेली हाय. पावसाळ्यात कुणाला तरी झटका बसंल, एवढं मात्र सांगा घरात."

कागदावर त्यानं 'बाहेरील तार ठीक' एवढंच लिहिलं. आबांनी तो वाचून चुरगळला. "तू त्यांचाच," असं त्याला ऐकू जाईल असं म्हणाले. धोंडीबानं सायकल वळवली आणि तो निघून गेला.

बापलेक जेवून आडवे झाल्यावर अंकिता चारीच्या मागानं चालत गेली. माती बसली होती, तरी एक उंचवट्याची रेघ कळत होती. ती गोठ्यामागून, गवताच्या बुचाडाला वळसा घालून, विहिरीच्या अशा बाजूला गेली जिकडे शालूबाईच्या काठावरून काही दिसत नव्हतं. आबांची नेहमीची मोटर वर शेडमध्ये होती, तिची केबल खांबावरून आलेली. ही केबल ती नव्हे. ही दगडांच्या सांदीतून सरळ पाण्यात उतरली होती. तिच्याबरोबर एक नायलॉनचा दोर आणि काळा पाइप. पाण्याच्या आत चालणारी मोटर, जिचा वर आवाज म्हणून येत नाही. पाइप गवताखालून आबांच्या उसाकडे गेला होता.

अंकिता तिथं किती वेळ उभी राहिली, तिला सांगता आलं नसतं. परत येताना तिनं साडीला लागलेली कुसळं एक एक करून काढली आणि घरात शिरली.

सतरा तारखेला तिनं सकाळी दहा वाजता नंबर फिरवला. मोटारींची वीज अकराला यायची आणि पाचला जायची. अकराच्या आत नकाशे गेले की झालं. रात्रीच ड्रॉइंग पुरं करून ठेवायचं, सकाळी स्वयंपाक उरकून पाठवायचं. आता शालूबाईच्या पाळीतही लाइन एकतीस हजार दोनशेला लागे आणि शेवटपर्यंत टिके. विजयमालाबाईंनी एकदा चक्क विचारलं, "टेलिफोनवाल्यांना काय खाऊ घातलंस गं?" आणि जास्तीचं काम दिलं. अंकितानं कुणालाही काही सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. रजिस्टर मात्र ती लिहीत राहिली. हाताला सवय लागली होती.

फेब्रुवारी संपता संपता ऊन चढलं. शालूबाईच्या पाळीत विहीर दुपारी दोनलाच तळ दाखवू लागली. बांधावर उभी राहून ती ओरडून म्हणाली, "भावजी, पाणी कुठं जातंय?" आबांनी सोप्यातूनच उत्तर दिलं, "झरा आटला आसंल. नशिबाला मी काय करू?" मार्चच्या तीन तारखेला भाऊसो आणि राजवर्धन बांधावर एकमेकांच्या गळपट्टीला धरून होते. राजवर्धनचा सदरा फाटला. भाऊसोचा ओठ.

आबांना हेच हवं होतं. त्यांनी फौजदाराच्या नावानं अर्ज लिहवून घेतला: भाऊसो फोनची तार कापतो, मारहाण करतो. अर्ज खिशात ठेवून त्यांनी सुभेदारांना बोलावणं धाडलं. ज्योतिबा सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, दोन्ही घरांचे लांबचे भाऊबंद. गावात त्यांचा शब्द चाले. आबांचं मागणं सरळ होतं. शालूबाईनं विहिरीतला हिस्सा लिहून द्यावा, मग आबा अर्ज फाडतील.

सहा तारखेला सकाळी सगळे सोप्यात बसले. शालूबाई खांबाला पाठ लावून, पदर खांद्यावर घट्ट. भाऊसो उंबऱ्यापाशी, ओठावर खपली.

"आमी हवेत बोलत न्हाई," आबा म्हणाले. "लिवलेलं हाय. यंत्रानं सांगितलेलं. सूनबाई, वाच."

अंकिता रजिस्टर घेऊन उभी राहिली. तिनं फक्त तारखा आणि आकडे वाचले. पाच फेब्रुवारी, नऊ हजार सहाशे, तुटली. सहा फेब्रुवारी, बारा हजार, तुटली. नऊ फेब्रुवारी, एकतीस हजार दोनशे, पूर्ण. तिचा आवाज शाळेत हजेरी घ्यावी तसा येत होता. आबा प्रत्येक फुलीला मान हलवत होते.

चौदा फेब्रुवारी वाचून झाल्यावर सुभेदारांनी हात पुढे केला.

"बघू."

अंकितानं रजिस्टर दिलं. त्यांनी चष्मा चढवला.

"मी सव्वीस वर्षं सिग्नलमधी काढली, ज्ञानू. तारा वढण्यात निम्मं आयुष्य गेलं." ते रकान्यावरून नख फिरवत होते. "हे बघ, सिग्नल सगळीकडं उणे चोवीस. फुलीच्या दिवशीबी चोवीस. तार कापलेली न्हाई. सैलबी केलेली न्हाई."

"मग त्यांच्याच पाळीला कसं हुतं?"

"तेच बघतोय. पंधरा आन सोळा. पाळी शालीचीच. भरदुपारी फोन, आन लाइन उत्तम." त्यांनी मान वर केली. "का, सूनबाई?"

"त्या दोन दिवशी एक फेज नव्हता," अंकिता म्हणाली. "मोटारी बंद होत्या."

राजवर्धननं तिच्याकडे पाहिलं. ती सुभेदारांकडे बघत राहिली.

सुभेदारांनी पान उलटलं. मग आणखी एक. त्यांचं नख वेळेच्या रकान्यात खाली खाली सरकत गेलं.

"सतरा तारखेपासनं सगळं फोन दहाला, साडेधाला. एकबी दुपारचा न्हाई. आधी तर सगळं दुपारचं हुतं."

"होय."

"का?"

बाहेर उसाची गाडी गेली. सुभेदारांनी नख त्याच ओळीवर ठेवलं.

"अकराला मोटारींची वीज येते," अंकिता म्हणाली.

"कुठल्या मोटारीची? ज्ञानूची मोटर तर त्यांच्या पाळीत बंद आसती."

"सूनबाई," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

अंकितानं हाताची घडी घातली. बोटं दंडात रुतवून ती म्हणाली, "पाण्यातल्या."

भाऊसो उठला तो सरळ विहिरीकडे चालू लागला. राजवर्धन त्याच्यामागे धावला, पण सुभेदारांनी नुसतं "राजा" म्हटलं आणि तो ओसरीवरच थांबला. थोड्या वेळानं भाऊसो दोराला धरून एक लांबट लोखंडी मोटर ओढत आला आणि ती त्यानं अंगणात टाकली. तिच्यातून पाणी गळत होतं. शालूबाई तिच्याकडे बघत राहिली. तिनं शिवी दिली नाही की कपाळ बडवलं नाही.

पुढचे आठ दिवस सलग पाणी शालूबाईचं, आणि विहिरीचा हिस्सा होता तसा राहील, असं सुभेदारांनी सांगितलं. आबांनी खिशातला अर्ज काढला, त्याचे चार तुकडे केले आणि आत गेले. अंकिताजवळून जाताना ते थांबले नाहीत.

त्या दिवसापासून घरात तिच्याशी कामापुरतंही बोलणं उरलं नाही. राजवर्धन एकदाच बोलला. "घरातलं चव्हाट्यावर मांडलंस. एकदा मला तरी सांगायचंस." ती म्हणाली, "तुम्हीच चारी खणली होती." त्यानं पुढ्यातलं ताट सरकवलं आणि उठून गेला. आबांनी फोन काढून टाकला नाही. कारखान्याचा निरोप त्यावरच यायचा. कॉम्प्युटर मात्र सोप्यातून उचलून त्यांनी धान्याच्या खोलीत ठेवायला लावला. अंकितानं लांब वायर आणून तो तिथं जोडला. लाइन आता दुपारीही स्वच्छ असे.

चौथ्या दिवशी ती बांधावर गेली. का गेली ते तिला नीट माहीत नव्हतं. शालूबाई दुसऱ्यांदा टोकून लावलेल्या भुईमुगाला पाणी पाजत होती. साडीचा काचा मारलेला, हातात खोरं. पहिला भुईमूग कोंब फुटून जागीच करपला होता. त्याची काडी सरीच्या कडेनं अजून दिसत होती.

"काकी."

शालूबाईनं वर पाहिलं नाही. बारं फोडून तिनं पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं.

"सुभेदार म्हणलं, सतरा तारखेपासनं तुजं फोन सकाळी," ती म्हणाली. "म्हंजे सतराला तुला ठावं झालं."

अंकिताला खोटं बोलता आलं असतं. "सोळाला," ती म्हणाली.

"सोळाला." शालूबाईनं खोरं मांडीला टेकवलं आणि अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. "एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस. मग एक, दोन, तीन, चार." अंगठा थांबला. "माज्या पाळीचं आठ दिस. तवाच पयला भुईमूग उगवत हुता."

घरात हे मी कसं सांगणार होते, सांगून कुठं जाणार होते, असं पुष्कळ काही अंकितानं मनात जुळवून आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य ती बोलली नाही.

"तुजं काम तवा बरं चाललं हुतं न्हवं?"

"होय."

शालूबाईनं मान हलवली. त्यात राग होता की नव्हता, कळलं नाही. तिनं पुन्हा खोरं उचललं. वाफा भरून पाणी कडेनं ओसंडू लागलं होतं आणि अंकिताच्या चपलांखालची माती मऊ होत चालली होती.

"मागं सर," शालूबाई म्हणाली. "तू उभी हाईस तिथनं बारं फोडायचंय."